होम पोर्ट : सोलापूर

आधी निकाल सांगते. जुन्या शिडाच्या बोटीची किंमत काढून देणारा एक सर्व्हेअर आम्ही फेब्रुवारीत बोलावला होता. फी ९,००० रुपये, वर जीएसटी, वर पुण्याहून येण्याजाण्याचं पेट्रोल-टोल. पैसे वसूल झाले. पाचपैकी चार स्टार देते. एक का कापला ते पुढं येईलच. नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे आणि माणूस सज्जन आहे.

आता दुसरा प्रश्न, जो मला चार महिने ज्यानं त्यानं विचारलाय : सोलापुरात कुठली आलीय शिडाची बोट?

तर हाय की. माझे काका नेव्हीत होते, इंजिनरूमवाले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेले. १९८९ ला नोकरी संपवून घरी आले, एका सूतगिरणीत मेंटेनन्सला लागले, पण पाण्याचं वेड काही उतरलं नाही. १९९७ साली त्यांनी पुण्यातल्या एका गृहस्थांकडून एक जुनी ‘एंटरप्राइज’ घेतली. ही दोन माणसांची, सव्वातेरा फुटी बोट. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसानं १९५६ मध्ये तिचा आराखडा काढला, आणि तिची शिडं निळी असतात हीच तिची ओळख. १९८२ च्या एशियाडमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यात एंटरप्राइजही होती, आणि फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं. हे काका आम्हाला दर दिवाळीला फराळाच्या ताटावर सांगायचे. आमचं लक्ष चकलीकडं.

बोट राहायची टेंभुर्णीजवळ, उजनीच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या मित्राच्या शेतात, केळीच्या बागेशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये. एकदा काकांनी डोलकाठी घासूनपुसून घ्यायला म्हणून टेंपोवर बांधून घरी आणली. अॅल्युमिनियमची, वीस-एक फुटी. दिवस संक्रांतीच्या आसपासचे, सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात तेव्हाचे. गल्लीतल्या आज्जींनी दारातूनच हात जोडले आणि विचारलं, ‘ही कुठली काठी ओ? नंदीध्वज तर सात असतात.’

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगे पुण्यात आणि बेंगळुरूत, त्यांना बोटीत रस नाही. काम आलं माझ्याकडं, कारण मी सोलापुरात आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग बघते, सत्तावीस वर्षं झाली. माल पास की सेकंड हे सांगणं माझ्या हातातलं, पण बोटीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

काकूंच्या डोक्यात मात्र आकडा पक्का होता. काकांची एक डायरी आहे, बोटीवर केलेला प्रत्येक खर्च तारखेनिशी लिहिलेला. काकूंनी त्याची बेरीज केली : १,८६,४००. ‘नफा नको बाई, पण खर्च तरी निघू दे,’ म्हणाल्या. मी गप्प बसले. माझ्या डोळ्यांसमोर साध्या लूम उभ्या राहिल्या. आमच्याकडं रेपियर मशीनं आली तेव्हा मालकानं जुन्या लूम विकल्या. एकेका लूमवर आयुष्यभर केलेला खर्च वहीत होता, आणि लूम गेली वजनकाट्यावरून, किलोच्या भावानं.

मग धाकट्या चुलतभावानं मोबाइलवर इंग्लंडमधली जाहिरात दाखवली, तसल्याच बोटीची. पौंडाला रुपयांनी गुणलं की आकडा बरा दिसत होता. काकू खूश. ती बोट तिथल्या तळ्यावर उभी आहे, तिला घ्यायला येणारे तिथं दहा जण आहेत, आणि जाहिरातीतला आकडा हा मागणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा नसतो, हे सांगायला गेले तर म्हणाल्या, ‘तुला सगळ्यात खोट दिसते, चेकिंगवाली.’

उलट्या टोकाचे अनुभवही घेतले. भंगारवाला शेडपर्यंत आला, डोलकाठी हातानं उचलून अंदाज घेतला, तिचा भाव सांगितला, आणि बोटीवर थाप मारून म्हणाला, ‘ह्या फायबरचं काय करू ताई? ना वितळतंय ना जळतंय.’ एक दलाल भेटला, त्यानं फोटो बघून १२,००० सांगितले, ‘आजच्या आज रोख’. रोख हा शब्द तीनदा म्हणाला म्हणून मी सावध झाले.

बारा हजार ते दोन लाख. एवढ्या फरकात माल असेल तर आमच्याकडं तो लॉट बाजूला काढून परत तपासतात. म्हणून सर्व्हेअर.

हे गृहस्थ मुख्यतः विम्याच्या कामासाठी बोटी तपासतात, किंमत काढून देणं हे जोडकाम. फोनवर आकडा विचारला तर साफ नाही म्हणाले आणि उलट मलाच प्रश्न : बोट उघड्यावर होती की छपराखाली? सुलटी ठेवलीय की पालथी? खाऱ्या पाण्यात किती वर्षं, गोड्या पाण्यात किती? शिडावरचा नंबर आणि बोटीवर कोरलेला नंबर एकच आहे का? मालकीचा कागद काय? मला हे आवडलं. डॉक्टर गोळी लिहायच्या आधी विचारतो तसं. नंबर जुळत नव्हते, हे मला त्यांच्या प्रश्नामुळंच कळलं. म्हणजे शिडं मूळ बोटीची नव्हतीच, मधे कधीतरी दुसऱ्या बोटीवरची आलेली.

शनिवारी सकाळी साडेआठला माणूस टेंभुर्णीत हजर. पुण्याहून. वेळेबाबत पूर्ण मार्क. (पुढं रिपोर्टच्या वेळेत ते गेले.) बोटीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘दव आहे. ओलावा मोजायचं मीटर आत्ता लावलं तर खोटं सांगेल. ऊन लागू दे.’ मग काय, शेतातच न्याहारी. मी घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही नेलं होतं. चुलतभाऊ, शेतमालक, त्यांचा गडी आणि मी, चौघांनी मिळून बोट पालथी केली. खाली कारखान्यातल्या रिजेक्ट टॉवेलचे गठ्ठे घातले होते, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

मग त्यांनी खिशातून एक छोटी प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी काढली आणि बोटीच्या पाठीवर टकटक सुरू केली. बोटभर अंतरावर एक ठोका, ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाऊण तास. आवाज टणटण येत होता. मधेच एका ठिकाणी थप्प झाला. ते थांबले, खडूनं गोल काढला, ताटलीएवढा. ‘ऐकलंत?’ मी म्हटलं, ‘साहेब, हे आम्हाला शिकवू नका.’ डब्यातली एक भाकरी काढली आणि नखानं वाजवली. कडक भाकरी चांगली असली की खणखणते. हवा लागून मऊ पडली की तिथं आवाज बसतो. फायबरग्लासचंही तेच : थर एकमेकांना घट्ट असतील तर आवाज मोकळा, थर सुटले किंवा मधे पाणी शिरलं की आवाज मरतो. साहेब हसले आणि ती भाकरी खाऊन टाकली.

खडूचा गोल होता सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या, खाचेजवळ. ‘इथं जुनी दुरुस्ती आहे. कधीची, कशानं, माहीत आहे?’ मला कुठलं माहीत असायला! पण डायरी सोबत होती. मे २००९ : ‘पाणी कमी. खाली भिंत लागली. फायबर-रेझिन, २,३५०.’ उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याखाली गावंच्या गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण वर न येणाऱ्या, वीतभर पाण्याखाली राहिलेल्या भिंती कितीतरी. काकांची बोट त्यातल्या एकीवर चढली होती.

डायरी बघून साहेबांचा चेहरा बदलला. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. काकूंनी ती बेरजेसाठी जपली होती, यांना तिच्यातल्या तारखा हव्या होत्या. अमुक साली वायर बदलली, तमुक साली सुकाणूच्या बिजागऱ्या. ‘जुन्या बोटीत सगळ्यात जास्त पैसे कशाचे कापले जातात सांगू? माहीत नसलेल्या गोष्टींचे,’ म्हणाले. ‘घेणारा घाबरून कापतो. ही वही असली की त्याला घाबरायला कमी जागा राहते.’ ही वही बोटीबरोबरच द्या, हा त्यांचा सल्ला. काकूंनी नकार दिला, शेवटी झेरॉक्स दिली.

दहाच्या पुढं मीटर लावलं. आकडे बरे आले. इथं एक गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. माझी समजूत अशी की खारं पाणी वाईट आणि गोडं पाणी बोटीला चांगलं. धातूच्या बाबतीत ते खरं आहे, मीठ अॅल्युमिनियम आणि स्टील खातं. पण फायबरग्लासच्या बाबतीत उलटं. जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर; त्याच्या आत राहिलेली रसायनं बाहेरचं पाणी ओढून घेतात आणि आत फोड धरतात. पाणी जितकं गोडं, तितकी ही ओढ जास्त. लोणच्याच्या फोडी मिठात टाकल्या की पाणी सोडतात, त्याचाच उलटा प्रकार. म्हणजे बारा महिने उजनीत तरंगत ठेवली असती तर समुद्रापेक्षा जास्त फोड आले असते. काका दर वेळी बोट ओढून शेडमध्ये ठेवायचे, त्यानं ती वाचली. बोटाच्या पेराएवढे तीन फोड सापडले, बस.

वजन मात्र फसलं. कारखान्यातून सुताच्या गठ्ठ्यांचा टांगता काटा मी आणला होता, त्यांच्याच सांगण्यावरून. शेडच्या तुळईला अडकवून बोट उचलली. या जातीच्या रिकाम्या बोटीचं वजन नव्वद किलोच्या आसपास असायला हवं. काटा दाखवत होता ११७. जास्तीचे सत्तावीस किलो कुठले? थोडे दुरुस्तीचे, थोडे रंगाच्या थरांचे, आणि बाकीचं पाणी. बाजूला दोन बंद टाक्या असतात, बोट उलटली तरी बुडू नये म्हणून. डाव्या टाकीचं झाकण उघडलं तर आतून अर्धी बादली काळं पाणी निघालं, त्यात एक मेलेली पाल. ‘शर्यतीवाला गिऱ्हाईक इथंच गेला,’ साहेब म्हणाले. शर्यतीत किलोकिलोचा हिशोब. आता राहिला नुसता हौसेनं फिरणारा.

नंतर वायरी. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या वायरी, त्यातल्या बाजूच्या दोघींना ते श्राउड म्हणत होते. साहेब भिंग लावून, हाताचं बोट फिरवत एकेक बघत होते. मी रिजेक्ट टॉवेलचा तुकडा घेतला आणि वायरीवर गुंडाळून वरून खाली ओढला. टेरी टॉवेलला वर फास असतात, त्या फासांना जरा टोकदार काही लागलं की धागा ओढला जातो. कारखान्यात मशीनच्या रोलरवर खडबड कुठं आहे ते आम्ही असंच शोधतो. दोन वायरींवरून टॉवेल सरळ आला. तिसरीवर खाली, जिथं वायर फिटिंगमध्ये शिरते तिथं, चरर्र. चार फास ओढले गेले. भिंगाखाली बघितलं तर एक तार तुटून केसाएवढी वर आलेली. साहेबांनी तो टुकडा मागून घेतला. मी त्यांना आख्खं डझन दिलं.

आता शिडं. इथं आमचं वाजलं.

त्यांनी मोठं शीड उलगडलं, शिवणीवर नख मारलं, दोरा पिठासारखा तुटला. लगेच वहीत लिहिलं : ‘मेनसेल खलास’, किंमत २,५००. मी म्हटलं, थांबा. कापड आणि शिवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवणीचा दोरा कापडाच्या वर राहतो, ऊन पहिलं त्याला खातं. दोरा मेला म्हणून कापड मेलं असं नाही. हे शीड म्हणजे पॉलिस्टर. इंग्रजांनी १९४१ मध्ये शोधलेलं टेरिलीन, अमेरिकेत त्याचंच नाव डेक्रॉन. आपल्या वडिलांचे शर्ट याच घराण्यातले, आणि ते किती वर्षं फाटत नाहीत ते प्रत्येक बोहारणीला माहीत आहे.

मग मी माझ्या पद्धतीनं बघितलं. कडेची दुमड उसवली. दुमडीच्या आतला निळा आणि बाहेरचा निळा शेजारी धरले. आमच्याकडं रंग किती उडाला ते बघायला ग्रे स्केल असतं, पाच म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे गेलं काम. ती पट्टी माझ्या पर्समध्येच असते, बायका लिपस्टिक ठेवतात तशी. तीन आला, ओढूनताणून साडेतीन. म्हणजे ऊन खाल्लंय, पण भाजलेलं नाही. आडवं ओढून बघितलं, उभं ओढून बघितलं, धागा सरकत नाही. एकच खरी खोट : कापड मऊ पडलंय. कोऱ्या शिडाला रेझिन असतं, नव्या धोतराला खळ असते तसं, ते हातात करकरतं. हे धुवट धोतरासारखं गप्प. मऊ शीड वाऱ्यात पोट काढतं, आकार धरत नाही.

मधेच कापडाच्या वजनावरून एक गंमत झाली. साहेब म्हणाले हे चार औंसी कापड आहे. मी म्हटलं, म्हणजे साधारण १३५ जीएसएम, चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. ते म्हणाले, नाही, १७० च्या वर. आम्ही दोघं आपापल्या आकड्यावर ठाम. शेवटी कळलं की शिडवाल्यांचा वार आपल्या चौरस वारासारखा नसतोच, ३६ इंच बाय साडेअठ्ठावीस इंच! तेवढ्या तुकड्याचं वजन चार औंस. गणित केलं तर १७१. सत्तावीस वर्षं कापडात काढून हे मला उजनीच्या काठावर कळलं.

तर साहेबांनी ऐकलं. हा त्यांच्यातला मोठा गुण म्हणून लिहिते : मुंबई-पुण्याचा जाणकार माणूस सोलापूरच्या टॉवेलवालीचं ऐकून वहीतला आकडा खोडतो. ‘शर्यतीला नाही, फिरायला चालेल. शिवण मारून घेतलीत तर सात हजार.’ परत आल्यावर मी ताडपत्री आणि मंडप शिवणाऱ्या एकाकडून झिगझॅग मशीनवर सगळ्या शिवणी मारून घेतल्या. १,८०० रुपये. तो म्हणाला, ताई, एवढा निळा मंडप कुणाच्या लग्नाचा?

दुपारी बोट पाण्यात सोडली. फेब्रुवारीत पाणी काठाजवळ असतं, मे-जूनमध्ये धरण मायनसमध्ये गेलं की त्याच जागेवरून पाण्यापर्यंत अर्धा किलोमीटर आत चालत जायला लागतं. (बाहेरच्यांसाठी : उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. पातळी त्याच्या खाली गेली की सोलापुरात सगळे ‘मायनस’मध्ये बोलतात.) म्हणून विकायची तर पाणी आहे तोवर विका, असं साहेब म्हणाले. कोरड्या धरणाच्या काठावर बोटीचा भाव कोण देणार! त्यांनी तासभर बोट तरंगत ठेवली, टाक्या परत उघडल्या, पाणी कुठून येतंय ते शोधलं. झाकणाची रबरी चकती वाळली होती, तेवढंच. लाइफ जॅकेटं दोन होती, ती चाचपून बघितली आणि मुद्दाम विचारलं की बोटीबरोबर देणार ना. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान याच पाण्यात वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. तेव्हापासून आमच्या भागात बोट म्हटलं की पहिला प्रश्न जॅकेटचाच येतो, आणि यायलाच हवा.

झाडाखाली बसून त्यांनी हिशोब मांडला तो असा. आहे त्या अवस्थेत ५५ ते ६५ हजार. वायरी, टाकी, रंग, नवी शिडं हे सगळं केलं तर बोट नव्वदला जाईल, पण त्याला खर्च येईल सत्तर-पंच्याहत्तर. म्हणजे तीस मिळवायला पंच्याहत्तर घालायचे. ‘विकायची असेल तर झाडून-पुसून विका, सजवून विकू नका.’ सुटे भाग करून विकले, डोलकाठी एकाला, शिडं दुसऱ्याला, तर चाळीस-पंचेचाळीस, वर मनस्ताप. आणि कागद : १९९७ ची हातानं लिहिलेली पावती सोडली तर काही नाही, त्यामुळं काकू आणि दोन्ही मुलांच्या सहीचं ना-हरकत पत्र आधी करून ठेवा, नाहीतर घेणारा त्याचे वेगळे पाच हजार कापेल. हे बारीक आहे, पण दलालानं किंवा जाहिरातीनं कधीच सांगितलं नसतं.

इथवर पाच स्टार.

आता तक्रार. रिपोर्ट चार दिवसांत देतो म्हणाले, आला अकराव्या दिवशी, मधे दोन फोन करावे लागले. सहा पानं, सगळं इंग्रजी. काकूंना मी ओळीओळीनं मराठीत वाचून दाखवला. त्यातली दोन पानं नुसती ‘लागू नाही’ची : इंजिन लागू नाही, रडार लागू नाही, अँकरची साखळी लागू नाही, शौचालय लागू नाही. छापील फॉर्म मोठ्या यॉटचा, त्यात आमची सव्वातेरा फुटी पोर बसवलेली. पहिल्याच पानावर एक रकाना : ‘होम पोर्ट’, म्हणजे बोटीचं घरचं बंदर. त्यापुढं टाइप केलेलं : सोलापूर. मी कारखान्यात डबा खाताना हे वाचलं आणि मोठ्यांदा हसले, मग सगळ्या चेकिंगच्या बायकांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्या मला ‘बंदरवाली’ म्हणतात.

पण स्टार कापला तो याच्यासाठी नाही. कापला तो शेवटच्या परिच्छेदासाठी. लिहिलं होतं, खरेदीदार मुंबई-पुणे पट्ट्यातच मिळेल, मुंबईपर्यंतचा टेंपो १४,००० धरून विक्रेत्याच्या हाती पन्नासच्या खाली पडतील असं गृहीत धरावं. यातच त्यांचं सोलापूर कच्चं निघालं. पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की सोलापुरात रस्ता संपतो. अहो, इथून पुढं तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर हैदराबाद आहे. तिथं भर शहरात हुसेनसागर आहे, त्यात शिडाच्या बोटी चालतात, क्लब आहेत. आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या गाडीचं नावच हुसेनसागर एक्सप्रेस! निम्मा पूर्व भाग घरात तेलुगू बोलतो. माझ्या हाताखालच्या बायकांमुळं मलाही चांगलं येतं.

तिकडं ओळखी काढल्या, फोटो पाठवले, रिपोर्ट पाठवला. सिकंदराबादचे एक निवृत्त लष्करी गृहस्थ तयार झाले, तरुणपणी याच जातीच्या बोटीवर शिकलेले. रेल्वेनं आले. मी काही लपवलं नाही : खडूचा गोल तसाच ठेवला होता, तुटक्या तारेवर टॉवेल ओढून दाखवला. पन्नासपासून सुरुवात केली त्यांनी. वायरीचे कापा म्हणाले, कापले. नव्या शिवणी दाखवल्या, थोडे वाढवले. सगळं तेलुगूत, आणि तेलुगूत घासाघीस करायला मराठीपेक्षा मजा येते, मराठीत लोक लगेच रागावतात. ६३,००० वर ठरलं. टेंपो त्यांचा.

म्हणजे साहेबांचा आकडा बरोबर, दिशा चुकली. असं चार स्टारचं गणित.

कुणाला बोलवायचं असेल तर एवढं बघा : त्यांना पावसाळ्यात बोलवू नका, मीटरचा उपयोग नाही. रिपोर्टची तारीख लिहून घ्या. बोट लाखाच्या आतली असेल तर फॉर्मवाला रिपोर्ट नको, दोन पानं साधी द्या आणि फी कमी करा, असं आधीच बोला. मी बोलले नाही, पुढच्याला मिळेल कदाचित. आणि शिडं बघायला कापडातलं कळणारं कुणी सोबत असू द्या.

बोट गेल्यावर आठवड्याभरानं साहेबांचा फोन आला. कितीला गेली, कधी, कुठल्या गावाला, हे त्यांना टिपून ठेवायचं होतं. पुढच्या किमती काढायला खरे विक्रीचे आकडेच लागतात, जाहिरातीतले नाही. मी सांगितलं. हैदराबाद म्हटल्यावर जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, ‘तिकडचे नंबर असतील तर द्या की.’

त्या दिवशी काकूंकडं पैसे पोचवायला गेले. त्यांनी मोजून कपाटात ठेवले, डायरी काढली आणि काकांच्या शेवटच्या नोंदीखाली आपल्या अक्षरात लिहायला बसल्या. सर्व्हेअर १०,६२०. पेट्रोल-टोल २,८००. शिवण १,८००. बेरीज केली, परत तपासली आणि वही माझ्याकडं सरकवली.

‘बघ, २,०१,६२०. दोन लाखाच्या वर गेला की गं खर्च.’